बिनवायरीचे हॅमर ड्रिल व त्याचा निर्धोक वापर

वैशाख सरत आला की मालवण किनाऱ्यावरील बागायतदारास दोन कामांची घाई एकाच वेळी होते. एकीकडे हापूसचा शेवटचा तोडा पेट्यांत भरून गाडीवर चढवावयाचा असतो आणि दुसरीकडे मृग लागण्याच्या आत घर, गोठा व मांगर पावसाळ्यास सज्ज करावयाचा असतो. पश्चिमेच्या पडवीस झडीपासून आडोसा करणे, पन्हळीचे क्लॅम्प पक्के करणे, विहिरीवरील पंपाचा स्टार्टर भिंतीवर उंच चढविणे, माकडे व रानडुकरे यांच्या उपद्रवासाठी केलेल्या सौर कुंपणाची पेटी सुरक्षित जागी बसविणे, ही सारी कामे ह्याच पंधरवड्यात येतात. ह्या प्रत्येक कामात कोठे तरी भिंतीस भोक पाडावे लागते. पूर्वी त्यासाठी गवंड्याची वाट पाहावी लागे. छिन्नी व हातोडा घेऊन तो एका भोकास अर्धा तास लावी. आज बहुतेक बागायतदारांच्या घरी बॅटरीवर चालणारे हॅमर ड्रिल आलेले आहे आणि तेच काम अर्ध्या मिनिटात होते.

ह्या यंत्राच्या उपयुक्ततेविषयी वाद नाही. ता. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, घरांची कौले व पत्रे उडाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी ज्याच्या घरी भरलेली बॅटरी आहे त्यास वीज येण्याची वाट न पाहता आपले छप्पर बांधून घेता येते, हा लाभ लहान नव्हे. परंतु यंत्रास वायर नाही, म्हणून त्यात विजेचा धोका नाही. यंत्र लहान आहे, म्हणून त्याची ताकद थोडी आहे. एवढेच नव्हे तर ते कोणाच्याही हाती द्यावे, अशी जी समजूत गावोगाव दिसते ती मात्र खरी नाही. वायर गेल्याने धोका नाहीसा झालेला नाही. त्याने केवळ आपली जागा बदलली आहे. तो आता कोठे कोठे बसला आहे हे दाखवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

यंत्राची ओळख

आपल्या सुतारांकडील सामता व गिरमिट ही अवजारे वाचकांच्या पाहण्यातील आहेत. त्यांचा एक गुण असा की हात थांबला म्हणजे अवजार थांबे, आणि अवजार अडकले म्हणजे हातही थांबे. दोघांची शक्ती एकच होती. विजेच्या ड्रिलने हा संबंध तोडला. हातात धरून चालविण्याचे विजेचे ड्रिल १८९५ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे फाइन ह्या कारखान्याने तयार केले. पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबण्याचा घोडा ही आजची ठेवण अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर ह्या कंपनीच्या १९१७ सालच्या पेटंटातील आहे, आणि त्याच कंपनीने १९६१ साली बॅटरीवर चालणारे ड्रिल बाजारात आणले. त्या वेळच्या बॅटऱ्या जड असून त्यांचा जोर थोडा असे. पुढे लिथियम-आयन बॅटरी आली व चित्र पालटले. ह्या बॅटरीच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघांस २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज हातात मावणाऱ्या यंत्रात जो जोर आहे तो ह्या बॅटरीमुळे आहे.

साध्या ड्रिलमध्ये बिट केवळ फिरते. हॅमर ड्रिलमध्ये चकाच्या मागे दोन दातेरी चकत्या समोरासमोर बसविलेल्या असतात. ठोक्याची कडी फिरविली व यंत्र भिंतीवर दाबले म्हणजे हे दाते एकमेकांवरून उड्या घेत जातात आणि बिट फिरता फिरता पुढे ठोके देते. हे ठोके मिनिटास २५ ते ३० हजारपर्यंत पडतात. ठोका दगडाचा चुरा करतो व फिरणे तो चुरा बाहेर काढते. ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली अशी की, ठोका हा केवळ दगड, वीट व काँक्रीट ह्यांच्यासाठी आहे. फणसाच्या किंवा सागाच्या लाकडात, लोखंडी चॅनेलमध्ये अथवा चकचकीत फरशीवर ठोका चालू ठेवल्यास लाकूड फाटते, बिटाची धार जाते व फरशी तडकते. दुसरी अशी की, अंगाचा सारा भार टाकून यंत्र रेटल्याने भोक लवकर पडत नाही. दाब इतका अधिक झाला की चकत्यांस उडी घेण्यास जागाच उरली नाही, तर ठोका मंदावतो, बिट तापते आणि मोटार जळण्याच्या पंथास लागते.

काँक्रीटच्या स्लॅबमध्ये एकामागून एक वीस-पंचवीस भोके पाडावयाची असतील तर हे यंत्र त्या कामाचे नव्हे. त्यासाठी हवेच्या दाबावर ठोका देणारे रोटरी हॅमर हे निराळे यंत्र मिळते. ते भाड्याने आणावे. लहान बैलास मोठ्या नांगरास जुंपल्याने बैलही जातो व नांगरणीही होत नाही.

चिऱ्याच्या भिंतीचा स्वभाव

ड्रिलबरोबर येणारी माहितीपुस्तिका काँक्रीट व भाजलेली वीट ह्यांना अनुलक्षून लिहिलेली असते. आपली घरे मात्र चिऱ्याची आहेत, आणि चिऱ्याचा स्वभाव वेगळा आहे. सड्यावरील कातळातून निघणाऱ्या ह्या जांभ्या दगडास शास्त्रीय नाव फ्रान्सिस ब्युकॅनन ह्या स्कॉटिश संशोधकाने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मलबारच्या प्रवासवर्णनात दिले. तेथील लोक हा दगड विटेसारखा कापून काढतात हे पाहून त्याने वीट ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून लॅटराइट असे नाव योजिले. खाणीतून निघतेवेळी मऊ व वाऱ्याउन्हात कठीण होणारा हा दगड पोटातून मात्र सच्छिद्र असतो. त्यात नळ्यांसारख्या पोकळ्या असतात, आणि कोठे कठीण गाठ तर कोठे पिवळसर माती भरलेली असते.

म्हणून चिऱ्यात भोक पाडताना प्रथम ठोका बंद ठेवावा व केवळ फिरत्या बिटाने आरंभ करावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. कठीण गाठ लागली तरच ठोका चालू करावा. आरंभापासून ठोका दिल्यास भोकाचे तोंड फुटते, चिऱ्याची कपची उडते व डोळ्यावर येते. भोक चिऱ्याच्या मध्यावर घ्यावे; कडेपासून निदान चार बोटे आत असावे. दोन चिऱ्यांमधील सांध्यात भोक कधीही घेऊ नये. जुन्या घरांत हे सांधे चिखलाचे असतात व त्यात गिट्टी धरत नाही. बिट जाता जाता एकाएकी सैल पडून आत ओढले गेले तर पोकळी लागली असे समजावे. अशा भोकात प्लास्टिकची गिट्टी ठोकून तीवर जड पेटी टांगणे म्हणजे कुजलेल्या फांदीवर झूल बांधण्यासारखे आहे. भोक हातभर बाजूस घ्यावे, किंवा जड वस्तूसाठी भोकात भरावयाचा रासायनिक मसाला वापरावा.

पश्चिमेकडील भिंतीत भोक घेताना बिटाचे टोक आत किंचित वर चढेल असे धरावे, म्हणजे भोकाचे तोंड खाली राहते व झडीचे पाणी भिंतीत मुरत नाही. गिट्टीवर जो आकडा छापलेला असतो त्याच आकड्याचे बिट घ्यावे. समुद्राजवळील घरांस साधे लोखंडी स्क्रू दोन पावसाळेही धड टिकत नाहीत. तेथे ३१६ प्रतीच्या बेगंज पोलादाचे स्क्रू वापरावे. ते महाग असले तरी गंजलेल्या स्क्रूवरून सुटलेली पेटी किंवा पन्हळ माणसाच्या डोक्यावर पडणे अधिक महाग पडते.

भिंतीत दडलेली वीज

आता धोक्याच्या पहिल्या जागेकडे वळू. यंत्रास वायर नसली तरी भिंतीत वायर आहे. जुन्या घरांतील वायरिंग लाकडी पट्टीवरून उघडे जात असे व ते डोळ्यांस दिसे. नव्या किंवा नव्याने गिलावा केलेल्या घरांत तेच वायरिंग नळीतून भिंतीच्या पोटात गेले आहे. फिरते बिट २३० व्होल्टच्या जिवंत वायरीस लागले तर यंत्राचे धातूचे भाग, म्हणजे बिट व चक, विजेने भारले जातात. बॅटरीचे यंत्र असल्याने त्यास अर्थिंगची तार नाही. ज्याचा हात त्या वेळी चकावर असेल त्याच्या अंगातून वीज जमिनीत जाण्याचा मार्ग शोधते. आणि पावसाळ्याच्या तोंडी ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला गडी हा तिला सोयीचा मार्ग होतो.

ह्यावर उपाय सोपा आहे, आणि तो बिनवायरीच्या यंत्रासच शक्य आहे. वायरीच्या ड्रिलला घरातील वीज चालू ठेवावी लागते. बॅटरीच्या ड्रिलला ती मुळीच लागत नाही. म्हणून घरातील मेन स्विच बंद करूनच भोक घ्यावे. ज्यास हे यंत्र विकत घेण्याचा खरा लाभ हवा असेल त्याने हा एक नियम तरी जन्मभर पाळावा.

परंतु येथेही एक खोच आहे. आपल्या भागात वीज वारंवार जाते म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आहेत. मेन स्विच बंद केला म्हणजे वीज गेली असे समजून इन्व्हर्टर तत्काळ चालू होतो आणि दिवे व पंख्यांच्या वायरी पुन्हा जिवंत होतात. तेव्हा मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करावा. छपरावर सौर पट्ट्या असतील तर त्यांच्याकडून खाली येणाऱ्या तारा दिवसाउजेडी जिवंतच असतात. त्या ज्या भिंतीवरून येतात त्या भिंतीस हात लावण्यापूर्वी वायरमनास विचारावे. सर्व बंद केल्यावर जवळच्या प्लगमध्ये टेस्टर घालून खात्री करावी, आणि तो टेस्टर चालू स्थितीतील आहे हे आधी चालू प्लगवर पाहून ठेवावे.

वायर कोठून गेली असावी ह्याचाही अंदाज घेता येतो. बटनांच्या पाटीपासून ती सरळ वर, सरळ खाली किंवा आडवी जाते. तिरपी सहसा जात नाही. म्हणून बटन, प्लग व दिव्याची जागा ह्यांच्या उभ्या व आडव्या रेषेत भोक घेऊ नये. न्हाणीघर व स्वयंपाकघर ह्यांच्या भिंतीत पाण्याची नळी असते, तिचाही असाच विचार करावा. काम झाल्यावर घरातील गळती पकडणारे स्विच, ज्यास आरसीसीबी म्हणतात, त्यावरील चाचणीचे बटन दाबून ते उडते की नाही हे पाहावे. ज्या घरी असे स्विच नाही त्याने ड्रिल घेण्याच्या आधी ते बसवून घ्यावे हे बरे.

मनगटातील पीळ

धोक्याची दुसरी जागा यंत्र धरणाऱ्याच्या मनगटात आहे. तीविषयी प्रस्तुत लेखकास स्वानुभवाने लिहिता येते. दोन वर्षांपूर्वी मांगराच्या दारावरील काँक्रीटच्या लिंटेलमध्ये एक कडी बसवावयाची होती. सकाळपासून ते काम आमचा गडी शिडीवर चढून करीत होता. त्याचे एक भोक होईना म्हणून मी त्यास खाली उतरविले, बाजूची मूठ शोधण्याचा कंटाळा केला आणि लाकडी घोड्यावर उभा राहून एका हाताने यंत्र चालविले. चार बोटे आत गेल्यावर बिट लिंटेलमधील सळईस अडकले. बिट जागच्या जागी थांबले; मोटार थांबली नाही. क्षणात सारे यंत्र माझ्या मुठीसह उलटे फिरले. मनगट मुरगळले व पुढे महिनाभर त्या हातात कोयता धरवला नाही. मनगट बरे झाले, पण एक विचार अद्याप जात नाही. पाच मिनिटे आधी तो गडी त्याच भोकाशी शिडीच्या सहाव्या पायरीवर उभा होता. खाली दगडी पायरी होती.

असे का होते हे समजून घेणे जरूर आहे. १८ व्होल्टच्या चांगल्या हॅमर ड्रिलचा पीळ ६० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. हा आकडा व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचा तर, एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकास सुमारे सहा किलो वजन टांगल्याने जो पीळ पडेल तितका. पण आपली मूठ बिटाच्या अक्षापासून एक मीटरवर नसते. ती जेमतेम १५ सेंटिमीटरवर असते. तेथे तोच पीळ सुमारे ४० किलोच्या ओढीइतका होतो. ध्यानीमनी नसता एका मनगटावर ४० किलोची ओढ बसली तर ते सावरणारा पुरुष विरळा. बाजूची मूठ लावून दोन्ही हातांनी यंत्र धरले म्हणजे हीच ओढ दोन हातांत विभागते आणि दुसरा हात अक्षापासून दूर असल्याने त्याच्या अंगी ती सावरण्याचे बळ येते. ती मूठ पेटीत ठेवण्यासाठी दिलेली नसते.

चकामागे आकड्यांची जी कडी असते ती ह्या पिळास आवर घालील असे कित्येकांस वाटते. ती कडी स्क्रू पिळण्यासाठी आहे. बहुतेक यंत्रांत भोकाच्या व ठोक्याच्या स्थितीत ती निष्क्रिय असते. काही नव्या यंत्रांत झटका बसताच मोटार आपोआप बंद होण्याची सोय असते. खरेदीच्या वेळी तिची चौकशी अवश्य करावी. काँक्रीटमध्ये भोक घेताना बिटाचा आवाज बदलून खणखणीत झाला, करड्या चुऱ्याऐवजी चकाकणारा कीस येऊ लागला किंवा बिट पुढे जाईनासे झाले तर सळई लागली असे समजून घोडा तत्काळ सोडावा व भोक बाजूस घ्यावे. सळई कापण्याचा हट्ट धरू नये. तुळईची ताकद त्या सळईत असते. अडकलेले बिट काढताना आधी बॅटरी काढावी, मग यंत्राची दिशा उलटी करून बॅटरी पुन्हा लावावी व दोन्ही हातांनी धरून हळूहळू सोडवावे.

ह्याच कारणाने शिडीवर उभे राहून हॅमर ड्रिल चालवू नये. यंत्रास दोन हात हवेत, शिडीस निदान एक हात हवा, आणि माणसास तीन हात नाहीत. दोन घोड्यांवर भक्कम फळी टाकून, तिच्यावर दोन्ही पाय रोवून काम करावे. भोक डोक्याच्या वर न येता छातीच्या उंचीस येईल इतकी फळी उंच असावी. शेवाळलेल्या कौलांवर चढून हे यंत्र चालविण्याचा विचारही मनात आणू नये.

धूळ, कपची व आवाज

तिसरी जागा डोळे, छाती व कान ही होय, आणि येथील नुकसान पुष्कळदा त्या दिवशी दिसत नाही. चिऱ्याची कपची डोळ्यात जाण्यास एक क्षण पुरतो. साधा चष्मा समोरून येणारी कपची अडवील, पण बाजूने येणारी अडविणार नाही; सर्व बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्माच घालावा. वरच्या बाजूस भोक घेताना तर त्याच्याशिवाय घोड्यास बोट लावू नये. भोकातील चुरा तोंडाने फुंकून काढण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. तो चुरा उलटून थेट डोळ्यात येतो. त्यासाठी सायकलचा पंप किंवा रबरी फुगा वापरावा.

काँक्रीट, वाळूचा गिलावा व ग्रॅनाइटची फरशी ह्यांच्या धुळीत सिलिकाचे स्फटिक असतात. त्यांतील जे कण दहा मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्शाहूनही लहान असतात, ते डोळ्यांस दिसत नाहीत, पण फुप्फुसांत खोल जाऊन बसतात. दीर्घकाळ अशी धूळ गेल्याने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली ह्या धुळीची गणना कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली आहे. चिऱ्याच्या लाल धुळीत मुख्यतः लोह व ॲल्युमिनियम ह्यांची संयुगे असतात व सिलिकाचे प्रमाण पुष्कळ कमी असते. तरी ती छातीस हितकर आहे असे नव्हे. नाकावर पंचा किंवा ओला रुमाल बांधल्याने मोठी धूळ अडते, बारीक अडत नाही. एन-९५ प्रतीचा मास्क नाकाशी घट्ट बसवून वापरावा. वर्षातून चार भोके पाडणाऱ्यापेक्षा दिवसभर हेच काम करणाऱ्या मजुरास हा नियम अधिक लागू आहे.

आवाजाचेही तसेच. हॅमर ड्रिलचा आवाज भिंतीवर काम करतेवेळी १०० डेसिबलच्या घरात जातो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तास सोसता येतो, आणि दर तीन डेसिबलांस ही मुदत निम्मी होते, असे ह्या विषयातील जाणकारांचे प्रमाण आहे. ह्या हिशेबाने १०० डेसिबलच्या आवाजात कान उघडे ठेवून फक्त १५ मिनिटे काम करता येते. हाताच्या अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर कानांत बोळे घालण्याची वेळ झाली असे समजावे. बंद खोलीत किंवा न्हाणीघरात आवाज अधिक घुमतो.

कपड्यांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, सैल असे काहीही चकाजवळ येऊ नये. खांद्यावरील पंचा, लोंबता पदर, गळ्यातील माळ व मोकळे केस ही बिटाभोवती गुंडाळली जातात. हातमोजे घातल्याने संरक्षण होते असे वाटते, परंतु सैल हातमोजा फिरत्या बिटात सापडला तर बोटासह जातो. पायांत बंद बूट असावे, चपला नसाव्या.

बॅटरीची निगा

चौथी व शेवटची जागा बॅटरी ही आहे. १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच घट एकापुढे एक जोडलेले असतात. चार अँपिअर-तासाच्या बॅटरीत ७२ वॅट-तास इतकी ऊर्जा साठविलेली असते. ही ऊर्जा बिटाच्या वाटे हळूहळू बाहेर पडली तर काम होते. सगळी एकदम बाहेर पडली तर आग होते. म्हणून सुटी बॅटरी खिळे, स्क्रू, किल्ल्या किंवा नाणी ह्यांच्याबरोबर पिशवीत अथवा खिशात ठेवू नये. तिच्या दोन टोकांस लोखंड लागले की वाट मोकळी होते.

बॅटरी भरताना चाळीस अंशांहून अधिक उष्ण जागा नसावी. मे महिन्यात पत्र्याखालील मांगर व बंद करून उन्हात ठेवलेली गाडी ह्या दोन्ही जागा त्याहून तप्त होतात. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच भरावयास लावू नये, निवू द्यावी. तिच्याबरोबर आलेल्याच चार्जरवर भरावी. आकाराने जुळणाऱ्या स्वस्त चार्जरच्या मोहात पडू नये. भरण्याची जागा चिऱ्याच्या किंवा सिमेंटच्या ओट्यावर असावी. आपल्या मांगरात गवत, चुडते, सोडणे व शेणी साठविलेल्या असतात. त्यांच्याजवळ बॅटरी भरू नये, आणि सर्वजण निजले असता ती भरत ठेवू नये. पडून तडा गेलेली, फुगलेली किंवा पुरात भिजलेली बॅटरी वाळवून पुन्हा वापरण्याचा खटाटोप करू नये. तिच्यातून धूर येऊ लागला तर माणसे व गुरे बाहेर काढावी, धूर नाकात जाऊ देऊ नये व १०१ किंवा ११२ ह्या क्रमांकावर कळवावे. मरू घातलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा पाणंदीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन करणाऱ्याकडे देणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे.

बिट बदलण्यापूर्वी प्रत्येक वेळी बॅटरी काढावी. वायरीचे यंत्र प्लग काढला की निर्जीव होते हे सर्वांस ठाऊक असते. बॅटरीचे यंत्र पेटीत पडले असतानाही सजीव असते हे मात्र विसरले जाते. मुलांच्या हाती लागेल असे ते बॅटरीसह ठेवू नये.

खाऱ्या वाऱ्याचा शत्रूही येथे विचारात घ्यावा. काम संपल्यावर यंत्र कोरड्या फडक्याने पुसावे व हवेच्या वाटा ब्रशाने मोकळ्या कराव्या. पाणी लावू नये. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर दिसल्यास कोरड्या ब्रशाने काढावा. पावसाळ्यात यंत्र न वापरता ठेवावयाचे असेल तर बॅटरी काढून, ती निम्मी भरलेली ठेवून, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी व दोन महिन्यांनी एकदा पाहावी.

मालकाचे कर्तव्य

वर सांगितलेले नियम लांबलचक वाटतील. पण प्रत्यक्ष कामापूर्वी त्यांतील थोडेच आठवावयाचे असतात. मेन व इन्व्हर्टर बंद आहेत ना. बाजूची मूठ घट्ट आहे ना. चष्मा, मास्क व बोळे घातले ना. पाय फळीवर आहेत ना, शिडीवर नव्हेत ना. आणि बिट बदलताना बॅटरी काढली ना. हे पाच प्रश्न विचारावयास भोक पाडण्याइतकाही वेळ लागत नाही.

एक गोष्ट मात्र शेवटी सांगितली पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी यंत्र आपले असते, पण ते चालविणारा हात दुसऱ्याचा असतो. कोयता गड्याच्या हाती देताना त्यास तो चालविता येतो हे आपणास ठाऊक असते, कारण तो त्याचा जन्मापासूनचा सोबती आहे. हे यंत्र तसे नाही. दुकानदाराने दिलेली पुस्तिका आपण वाचलेली असते. त्याने ती पाहिलेलीही नसते. चष्मा व मास्क यंत्राच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक असतात, तरी ते आपण एकच नग आणतो आणि तोही कपाटात ठेवतो. ज्या दिवशी माझे मनगट मुरगळले त्या दिवशी बाजूची मूठ पेटीत होती, आणि ती सकाळपासून पेटीतच होती. गड्याने ती मागितली नाही, कारण अशी काही वस्तू असते हेच त्यास कोणी सांगितले नव्हते. सांगणे माझे काम होते.

तेव्हा ज्यास यंत्र द्यावयाचे त्यास ते स्वतः चालवून दाखवावे, मूठ लावून द्यावी, चष्मा डोळ्यांवर चढवून द्यावा आणि मेन स्विच आपल्या हाताने बंद करावा. शेजाऱ्यास यंत्र उसने देताना ह्या वस्तूही त्याच पिशवीत घालून द्याव्या. पावसाळ्यापूर्वीची घाई दरवर्षी येते व दरवर्षी संपते. त्या घाईत गमावलेला डोळा किंवा माणूस मात्र मृगाच्या पावसाने परत येत नाही.